दहापैकी दोन

“दोन,” ताई म्हणाली.

“दहापैकी दोन?” वॉर्डातल्या ब्रदरनं पुन्हा विचारलं. “नीट विचार करून सांगा हं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही.”

“अहो, एकतीस वर्षं पोस्टात काढली मी. आकडे कळतात मला. दोन म्हणजे दोन.”

ब्रदर हसला. त्यानं कागदावर दोन लिहिले, पण पेन लगेच खिशात ठेवलं नाही. कॉटच्या पायथ्याशी तो उगाचच थोडा वेळ उभा राहिला.

चार कॉट सोडून ट्रॉलीवर ड्रेसिंगचं सामान लावत असलेल्या मोठ्या सिस्टरांनी ते ऐकलं होतं. “दोन” ऐकताच त्यांना हायसं वाटलं. इतकं की हातातला कापसाचा गठ्ठा त्यांनी चुकून औषधांच्या कप्प्यात ठेवला. आणि हायसं वाटल्याबद्दल मनाला कुठेतरी चावलंही. पण ते चावणं त्यांच्या ओळखीचं होतं. बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी ते बाजूला सारलं.

ऑपरेशननंतरच्या या वॉर्डात बारा कॉट होत्या आणि त्या बाराही कॉटवरचा शब्द मोठ्या सिस्टरांचा. वॉर्डात त्या मोठ्या, घरात मात्र धाकट्या. आईवडील लवकर गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि त्या अकरा. ताईनं पोस्टात टपाल लावायची नोकरी धरली, धाकटीला शिकवलं, नर्सिंगला घातलं, तिचं लग्न लावून दिलं. सात वर्षांत नवरा गेला तेव्हा परत घरी आणलं, तेही ताईनंच. स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायची, “मला हजारो लोकांची पत्रं येतात. एकाला कुठं हो म्हणू?”

त्याच ताईच्या आतड्यात गाठ निघाली. परवा ऑपरेशन झालं. बेंबीच्या वरून खालपर्यंत वीतभर चीर, आणि आतून हातभर आतडं काढलेलं. गाठ साधी निघाली, हे नशीब. काल दुपारपर्यंत ती रिकव्हरीच्या खोलीत होती, तिथं भूलतज्ज्ञांचं औषध नळीतून चालू होतं. दुपारी वॉर्डात आली तेव्हा सर्जनांनी कागदावर लिहिलं: दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, आणि त्याउपर दुखल्यास मॉर्फिन, शिरेतून, हळूहळू, श्वास मोजून.

त्या शेवटच्या ओळीवर मोठ्या सिस्टरांनी कालपासून नजर टिकू दिली नव्हती.

“मोठ्या सिस्टर,” ब्रदर ट्रॉलीपाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्या ताईंचे दोन मला पटत नाहीत.”

“का?”

“पायाची बोटं बघा. बोटांनी चादर धरून ठेवलीय. बोलताना दर तीन शब्दांवर श्वास घेतात. सकाळी कुशीवर वळवायला गेलो तर म्हणाल्या, नको, इथूनच खिडकी छान दिसते. खिडकी त्यांच्या डोक्यामागं आहे.”

मोठ्या सिस्टरांनी औषधांच्या कप्प्यातला कापूस उचलून जागेवर ठेवला.

ब्रदर या वॉर्डात येऊन चारच महिने झाले होते. चाळिशीचा, पोट सुटलेला, बुटांचा आवाज न करता चालणारा माणूस. त्याआधी बारा वर्षं तो दुसऱ्या एका इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात होता. ज्या वॉर्डात दुखण्याला सुट्टीच नसते तिथून आलेला. त्यामुळे तो माणसांच्या तोंडाकडे कमी आणि हातापायांकडे जास्त बघायचा.

“मी औषध काढतो,” तो म्हणाला. “कपाटाची किल्ली द्या, आणि दुसरी सही तुमची.”

“थांबा जरा. नऊला पॅरासिटामॉल लागेल. त्यावर बघू.”

“बघू म्हणजे किती वाजता?”

“ती लहानपणापासून अशीच आहे हो. दोन म्हणाली तर तीन असतील फार तर. उगाच त्या औषधानं गुंगी येईल, उलटी होईल. पोटाला हिसके बसतील.”

“उलटीचं औषध आहे की आपल्याकडं.”

“म्हटलं ना, बघू.”

ब्रदरनं मान हलवली आणि तो पुढच्या कॉटकडे गेला.

खरं तर त्यांना सगळं माहीत होतं. मागच्याच महिन्यात इस्पितळातल्या सगळ्या नर्सना एक प्रश्नांचा कागद वाटला होता. ऑपरेशननंतरच्या दुखण्याबद्दल वीस प्रश्न. पेशंट हसून बोलत असेल तर त्याला फारसं दुखत नसतं, बरोबर की चूक? चूक. दुखणं किती आहे हे सगळ्यात नेमकं कोण सांगू शकतं? स्वतः पेशंट. दुखणं दाबून पडून राहिलं तर काय होतं? श्वास उथळ होतो, खोकला काढवत नाही, छाती भरते, पायात रक्त गोठतं. मॉर्फिननं श्वास मंदावण्याआधी कोणती खूण दिसते? पेशंट पेंगायला लागतो, हाक मारली तरी नीट जागा होत नाही. वीसपैकी एकोणीस. सबंध इस्पितळात पहिल्या. मेट्रननी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या, आणि वर हेही सांगितलं की या वॉर्डात मॉर्फिन सगळ्यात कमी लागतं, याला म्हणतात हात जपून काम करणं.

माहिती होती. हात धजत नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी त्या इथल्याच दुसऱ्या एका वॉर्डात होत्या, नव्या होत्या. एक म्हातारे घड्याळजी पोटाचं ऑपरेशन होऊन आले. कळवळत होते. कागदावर औषध लिहिलेलं, वेळ झालेली. मोठ्या सिस्टरांनी, तेव्हा त्या कुणाच्याच मोठ्या नव्हत्या, इंजेक्शन दिलं. म्हातारबाबांनी त्यांचा हात थोपटला आणि “देवासारखी आलीस बघ” म्हणाले. मग त्या दुसऱ्या कॉटवर ड्रेसिंगला गेल्या. तासाभरानं परत आल्या तर बाबा शांत झोपलेले. फारच शांत. ओठ निळसर. घड्याळ हातात धरून त्यांनी श्वास मोजले. मिनिटात सहा. त्या धावल्या, डॉक्टर धावले. मॉर्फिनचा उतारा तेव्हा वॉर्डात नसायचा, तो खालच्या मजल्यावरच्या थिएटरमधून आणावा लागला. तो येईपर्यंत उशीर झाला होता.

चौकशी झाली. थिएटरमधून निघताना कुणीतरी बाबांना आधीच एक इंजेक्शन दिलं होतं आणि कागदावर लिहायला विसरलं होतं. यांचा दोष नाही असं पत्र मिळालं. पत्र त्यांनी वाचलं, घडी घालून ठेवलं. पण त्या दिवसापासून मॉर्फिनची सिरिंज हातात घेतली की अंगठा दट्ट्यावर टेकायलाच तयार होईना.

मग त्यांनी वाटा शोधल्या. तीन मिलिग्रॅम लिहिलं असेल तर दीड द्यायचं. दहाला लागणारं बाराला द्यायचं. “थोडं सहन करा, आता कमी येईल” म्हणायचं. बाकी सगळ्यात त्या इतक्या तरबेज की कुणाला शंका यावी कशी? गुडघ्याखाली उशी कुठं द्यावी, टाक्यांवर ताण न येता कूस कशी बदलावी, माणसाला बोलण्यात कसं गुंतवावं, हे त्यांच्यासारखं कुणालाच जमत नसे. पेशंट घरी जाताना त्यांचेच हात धरत. आणि नव्या येणाऱ्या मुली त्यांच्याकडे बघून शिकत. तेही शिकत.

नऊचं पॅरासिटामॉल लागलं. दहाच्या सुमारास त्या ताईच्या कॉटपाशी गेल्या.

ताई सरळसोट पडली होती. हात दोन्ही बाजूंना, हनुवटी थोडी वर. एखाद्या काठोकाठ भरलेल्या भांड्याला धक्का लागू नये तशी. कपाळावर केस चिकटले होते.

“कशी आहेस?”

“मस्त. शेजारच्या बाईंनी त्यांच्या तिन्ही सुनांची माहिती दिलीय. आता बढती कुणाला द्यायची तेवढं ठरवायचंय.”

“ताई, खरंच दोन ना?”

ताईनं डोळे वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुला किती चालतील?” ती म्हणाली.

आणि हसली. पण ते हसू अर्ध्यावर तुटलं. ओठ दातांखाली गेला, पोटाजवळची बोटं ताठ झाली, आणि श्वास आत घेता घेता मध्येच थांबला. सगळं मिळून दोन सेकंद. मोठ्या सिस्टरांनी ते पाहिलं. इतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं असतं तर त्यांनी निदान दीड मिलिग्रॅम तरी काढलं असतं. पण ही ताई होती. डोळ्यांसमोर निळसर ओठ आले, आणि ते ओठ आता ताईचे होते.

“खोकून बघ एकदा,” त्या म्हणाल्या. “छाती मोकळी व्हायला हवी.”

“नंतर.”

“खोल श्वास तरी घे.”

“घेते गं. तू जा, तुझी कामं कर.”

त्यांनी उशी सारखी केली, जी आधीच सारखी होती, आणि त्या निघाल्या.

त्या दिवशी सर्जनांचा राउंड उशिरा होता, थिएटरमध्ये मोठी केस चालू होती. साडेअकराला ब्रदर पुन्हा आला. या वेळी त्याचा आवाज मऊ नव्हता.

“मिनिटाला चोवीस श्वास, आणि सगळे वरवरचे. ऑक्सिजन त्र्याण्णव. सकाळी सत्त्याण्णव होता. नुसती मान वळवली तरी घाम फुटतोय. किल्ली द्या, सिस्टर.”

“श्वास आधीच बिघडलाय, आणि तुम्ही श्वास दाबणारं औषध द्यायचं म्हणता?”

“श्वास दुखण्यानं बिघडलाय. हे मी तुम्हाला सांगायचं?”

“राउंड होऊ दे.”

“तुम्हाला कशाची भीती वाटते?” त्यानं सरळ विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांची मान खाली गेली. खिशातली किल्ली त्यांनी मुठीत धरली होती, इतकी घट्ट की तिचे दाते तळव्यात रुतले.

“भीती कसली? नियमानं चाललेय मी.”

ब्रदरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “तुम्ही इन्चार्ज आहात म्हणून थांबतोय. साडेबाराला मी सरांना थिएटरमध्ये निरोप धाडणार. तुम्हाला सांगून धाडतोय, मागून नाही.”

“धाडा.”

पण साडेबारा वाजायच्या आतच शेजारच्या तीन सुनांच्या बाईंनी हाक मारली. “सिस्टर, अहो, यांना बघा!”

मोठ्या सिस्टर धावल्या. ताईचा चेहरा राखेसारखा झाला होता. नाकपुड्या फुललेल्या, गळ्याच्या शिरा प्रत्येक श्वासाला ताणलेल्या. श्वास असे की पाणी फार गरम असल्यावर माणूस जसे छोटे छोटे घोट घेतो तसे. अंग तापलेलं. बोटाला लावलेल्या यंत्रावर शहाऐंशी. ब्रदरनं कॉटची डोक्याकडची बाजू वर घेतली, ऑक्सिजनचा मास्क लावला आणि ओरडूनच निरोप धाडला. मोठ्या सिस्टर ताईचा हात धरून उभ्या होत्या. हात त्यांनी धरला होता की ताईनं, ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

सर्जन थिएटरच्याच कपड्यांत आले. छातीला यंत्र लावून दोन्ही बाजूंनी, मागून, पुढून ऐकलं. एक्स-रेचं मशीन कॉटपाशी आणवलं. दहा मिनिटांनी फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, “दोन्ही बाजूंना फुप्फुसांचे खालचे भाग बसलेत. उजवीकडं न्यूमोनिया धरतोय. या बाईंनी कालपासून एकदाही धड श्वास घेतलेला नाही, खोकल्या नाहीत. का?”

त्यांनी फोटो खाली ठेवला आणि औषधांचा कागद ब्रदरसमोर धरला.

“मॉर्फिन लिहून दिलं होतं मी. किती वेळा दिलं?”

ब्रदर कागदाकडे बघत राहिला. त्याला उत्तर ठाऊक होतं आणि तो ते देणार नव्हता, हे मोठ्या सिस्टरांना कळलं. तेवढ्या एका क्षणात त्यांना पळवाटही दिसली. पेशंट स्वतःच दोन म्हणत होती. रात्रीच्या सिस्टरनंही दोनच लिहिलं होतं. कागद चोख होता.

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या. “ब्रदर सकाळपासून मागतायत. मी थांबवलं.”

सर्जनांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातला.

“भूलतज्ज्ञांना बोलावतो. पाठीत नळी घालतील म्हणजे दुखणं मुळातच थांबेल. पण ते दुसऱ्या केसमध्ये आहेत, दोन तास लागतील. तेवढा वेळ आपल्याकडं नाही. एकेक मिलिग्रॅम द्या. पाच मिनिटं थांबा, श्वास मोजा, मग पुढचा. उतारा हाताशी ठेवा. दुखणं उतरलं की लगेच खोकायला लावा. मी अतिदक्षता विभागात जागा बघतो.”

ते गेले. ब्रदरनं हात पुढे केला. मोठ्या सिस्टरांनी किल्ली दिली नाही. त्या स्वतः कपाटाकडे गेल्या. कपाट उघडताना किल्ली दोनदा भोकाबाहेर घसरली. दोघांनी मिळून कुपी पाहिली, नाव वाचलं, औषध काढलं, सह्या केल्या. शेजारच्या ट्रेमध्ये उताऱ्याची कुपी आणि दुसरी सिरिंज.

“मी देतो,” ब्रदर म्हणाला. “तुम्ही फक्त श्वास मोजा.”

“नाही.”

त्या कॉटपाशी बसल्या. ताईनं मास्कच्या वरून सिरिंज पाहिली आणि मान हलवली. मास्क बाजूला सारून, श्वासांच्या मधल्या फटींतून म्हणाली, “ब्रदरना... देऊ दे.”

“का?”

“तुझा हात... माहीत आहे मला. त्या घड्याळवाल्या बाबांपासून... आठ दिवस जेवली नव्हतीस तू.” ती थांबली. पुन्हा बळ गोळा केलं. “म्हटलं, तुला कशाला... माझ्यासाठी ती सुई... हातात घ्यायला लावू. रात्रीच्या मुलीला खरं सांगितलं असतं... तर सकाळी तुला कळलं असतं. तुझं काळीज... फाटलं असतं.”

मोठ्या सिस्टरांना क्षणभर काही ऐकूच येईनासं झालं. वॉर्डातले सगळे आवाज जणू कुणीतरी ओढून बाहेर नेले. सकाळपासून त्या ज्या “दोन”च्या आडोशाला उभ्या होत्या, तो आडोसा ताईनं त्यांच्यासाठी अंथरुणात पडून, ओठ चावून धरला होता.

“ताई,” त्या म्हणाल्या, “आकडा सांग. खरा.”

ताईनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

“नऊ,” ती म्हणाली. “काल दुपारपासून.”

डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं आणि दट्ट्या दाबला. इतक्या हळू की तो सरकतोय की नाही तेही दिसत नव्हतं. एक मिलिग्रॅम. मग घड्याळ.

चौतीस श्वास. पाच मिनिटं. बत्तीस. ताईच्या पायाची बोटं अजून चादरीत. “दुसरा,” ब्रदर हळूच म्हणाला. दुसरा. पाच मिनिटं. अठ्ठावीस. बोटं सुटली. तिसरा. बावीस. ताईच्या पापण्या जड झाल्या.

मोठ्या सिस्टर पुढं वाकल्या. हीच ती खूण. पेंग.

“ताई! ताई, बोल माझ्याशी!”

“काय आहे?” ताईनं डोळे उघडले. आवाज जड होता, पण वैतागलेला होता, जागा होता.

“तुझ्या साहेबांचं नाव काय होतं? पोस्टातल्या पहिल्या?”

“त्याचं नाव... कशाला घेऊ. खडूस मेला.”

ब्रदरनं तोंड फिरवून हसू लपवलं. अठरा श्वास. पंधरा मिनिटं तेवढ्यावरच थांबले. मग सोळा. मोठ्या सिस्टर मोजत होत्या आणि प्रत्येक दोन श्वासांच्या मध्ये त्यांचा स्वतःचा श्वास थांबत होता. आकडा पंधराच्या खाली गेला नाही. चौदा झाला असता तर काय, बारा झाला असता तर काय, ते सगळं त्या मनातल्या मनात पुन्हा पुन्हा जगत होत्या. आता आणखी औषध नको, हे दोघांनीही न बोलता ठरवलं.

आणि मग एका क्षणी ताईनं श्वास घेतला. सबंध. छाती भरून, खांदे उचलून, आणि सोडताना “हुश्श” असा आवाज करत.

“अगं बाई,” ती म्हणाली. “असं असतं होय हे!”

त्यांनी तिच्या पोटावर उशी धरली, दोन्ही हातांनी दाबली. “आता खोक. मी धरलंय. खोक.” ताई खोकली. एकदा, दोनदा, पाचदा. रडत रडत खोकली. घट्ट पिवळा बेडका ट्रेमध्ये पडला तेव्हा मोठ्या सिस्टरांना तो कुणी हातात फूल द्यावं तसा वाटला.

संध्याकाळी भूलतज्ज्ञांनी पाठीत नळी घातली. पण छातीत जे धरायचं ते धरलं होतं. ताई अतिदक्षता विभागात सहा दिवस होती, त्यातले दोन दिवस तिच्या वतीनं यंत्रच श्वास घेत होतं. ते दोन दिवस मोठ्या सिस्टर बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत जायची मुभा असूनही. भीती अशी होती की आपण आत गेलो तर काहीतरी बिघडेल. ब्रदर डबा आणायचा, शेजारी बसायचा आणि फालतू विनोद सांगायचा. एकदाही म्हणाला नाही की मी सांगत होतो.

सातव्या दिवशी घरी जाऊ शकली असती अशी ताई एकविसाव्या दिवशी घरी गेली. तिचं उजवं फुप्फुस खालच्या बाजूला कायमचं आक्रसलं होतं.

त्याआधीच एके दिवशी मोठ्या सिस्टर मेट्रनच्या खोलीत गेल्या होत्या.

“अहो, घरचं माणूस असलं की होतं असं,” मेट्रन म्हणाल्या. “आपल्याच माणसाला सुई टोचताना कुणाचाही हात अडखळेल. कशाला मनाला लावून घेता?”

“घरच्या माणसाचं नाही,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “बावीस वर्षांचं आहे.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दीड मिलिग्रॅम, दहाचं बाराला, थोडं सहन करा. मेट्रनच्या हातातला चहा निवून गेला. मग त्यांनी एवढंच विचारलं, “किती पेशंट असतील?”

“मोजता येणार नाही.”

इन्चार्जपण त्यांनी स्वतःच सोडलं. वॉर्ड ब्रदरकडे गेला. त्या तिथंच राहिल्या, साध्या सिस्टर म्हणून, ब्रदरच्या हाताखाली. “मोठ्या सिस्टर” हे नाव मात्र कुणी बदललं नाही. तोंडात बसलेलं होतं. नव्या मुलींना त्या आता स्वतःहून सांगत, की माझ्याकडून उशा लावायला शिका, औषध द्यायला ब्रदरकडून शिका.

भीती गेली नाही. ती जाते असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. पहिल्यांदा पूर्ण तीन मिलिग्रॅम दिलं ते एका सुताराला. गडी हसत होता, नर्सना चिडवत होता आणि हसता हसताच म्हणाला, “आठ.” मोठ्या सिस्टरांनी उलट विचारलं नाही. औषध काढलं, दिलं, स्टूल ओढलं आणि पाऊण तास त्याच्या उशाशी बसून राहिल्या. तो झोपला. त्यांच्या बगला घामानं भिजल्या होत्या. सुताराला यातलं काहीच माहीत नव्हतं. उठल्यावर त्यानं जेवायला काय आहे ते विचारलं.

महिना गेला. सुट्टीच्या दिवशी दोघी बहिणी बाजारातून परतत होत्या. ताईनं हट्टच धरला होता, की घरात बसून भिंतींची नावं पाठ झाली, आता बाहेर ने. पिशव्या धाकटीच्या हातात. घर तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी ताई हा जिना टपालाच्या थैल्यांसारख्या पिशव्या खांद्याला मारून चढायची, आणि वर जाऊन खाली हाक मारायची, “आलीस का गं, की राहतेस तिथंच?”

पहिल्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी शेजाऱ्यानं एक जुनी लाकडी खुर्ची आणून ठेवली होती. ताईसाठीच. ताई तिथवर पोचली, कठड्याला धरून उभी राहिली आणि खुर्चीत बसली. तोंडानं श्वास घेत होती. बोलायला बराच वेळ लागला.

“तू हो पुढं,” ती म्हणाली. “दूध नासेल. मी येतेच.”

धाकटी वर गेली नाही. तिनं पिशव्या भिंतीशी टेकवल्या आणि ती खुर्चीच्या खालच्या पायरीवर बसली. वरून कुणीतरी उतरत होतं, त्यांना वाट द्यायला दोघींनी पाय आत घेतले.

“दुखतंय?” धाकटीनं विचारलं.

ताईनं विचार केला. खरोखरच विचार केला.

“चार,” ती म्हणाली.

दोघी तिथं बसून राहिल्या.